जखम भरेपर्यंतचा उपास

माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं, त्याला आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, कसं झालं? मी म्हणते, झालं. त्यापुढे सांगायचा मला कंटाळा येतो. प्रत्येकाला तेच सांगायचं, आणि ऐकून झाल्यावर त्यानं आपल्या मावशीच्या पाठीचं सांगायचं. म्हणून एकदाच लिहून ठेवते. शिक्षण चौथीपर्यंत झालंय, तेवढ्यात जमेल तसं.

पाठ गेली ती पोळ्या लाटून. कसबा पेठेत आमच्या घराजवळ एक पोळी-भाजी केंद्र होतं. नवरा गेल्यावर मी तिथे लागले. उभ्यानं लाटायचं. ओटा माझ्या मानानं बुटका होता. मालकिणीला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "ओटा उंच केला तर बाकीच्यांचे हात पोचायचे नाहीत." ते खरंच होतं. बाकीच्या बुटक्या, मी एकटी उंच. मग मीच वाकले, आणि म्हातारी होईपर्यंत वाकूनच राहिले. मुलगा त्या पोळ्यांवर शिकला, खराडीला नोकरीला लागला, तिथेच त्यानं फ्लॅट घेतला. यात माझं कौतुक काही नाही. तिथे उभी राहणारी प्रत्येक बाई कुणासाठी तरीच उभी होती.

साखर पन्नाशीनंतर निघाली. सकाळी गोळी घ्यायची, चहा बिनसाखरेचा प्यायचा, आणि लग्नाकार्यात जिलबी आली की ताट जरा पुढे सरकवायचं. मला वाटायचं एवढं पुरे आहे. दुखत काही नव्हतं. जे दुखत नाही त्याच्याकडे गरीब माणूस बघत नाही.

मग पाय दुखायला लागले. कमरेतून कळ निघायची ती मांडीच्या मागून पोटरीत उतरायची. मंडईपर्यंत चालत जाणारी मी, वाटेत दोनदा कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसायला लागले. एक दुकानदार म्हणाला, "आजी, पायरी गिऱ्हाइकांसाठी आहे."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आलं की उठते."

बराच वेळ कुणी आलं नाही. तो आत पेपर वाचत बसला, मी बाहेर बसले.

मुलानं मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो पाहून सांगितलं, मणक्यातली वाट अरुंद झाली आहे, नस दाबली जाते. हाड थोडं काढावं लागेल आणि दोन मणके स्क्रूनं एकमेकांना बांधावे लागतील. पण लगेच नाही. "आजी, एवढ्या साखरेवर मी सुरी लावणार नाही. साखर खाली आणा, मग या." दुसरंही एक त्यांनी तेव्हाच सांगितलं. पायातली कळ जाईल, पण तळवे बधिर झालेत त्याचा भरवसा नाही. तो बधिरपणा थोडा मणक्याचा आहे, थोडा साखरेचा. "मणक्याचा मी काढीन. साखरेचा माझ्या हातात नाही."

मला हा माणूस आवडला. गोड बोलला नाही.

साखर खाली यायला पावसाळा अख्खा गेला. इन्शुलिनची सुई लागली. सुनेनं मला खराडीला नेलं आणि ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ यांवर ठेवलं. सून कॉम्प्युटरवर काम करते, घरूनही करते, कानाला ते लावून तासन्‌तास बोलते. स्वयंपाकात तिचं मन नाही, पण सांगितलेलं काटेकोर करते. साखर उतरली. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ खरंच गेली होती. तिच्या जागी पाठीत आग होती, पण ती आग नवी होती, तिला शेवट असणार असं वाटत होतं.

आता माझ्या धाकट्या जावेचं सांगायला हवं. माझ्या दिराची बायको. दीरही गेला, तिला मूलबाळ नाही. कसब्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी कितीतरी वर्षं एका गॅसवर राहिलो. मी कामाला जायची, ती घर आणि देव बघायची. मी देवाला नमस्कार करते, त्याच्याशी बोलत नाही. ती बोलते. गॅस संपला तरी त्याला सांगते.

माझं ऑपरेशन चालू असताना ती बाहेर बाकावर बसली होती. तिथे तिनं मुलाला विचारलं, "टाके कधी निघतात रे?" तो म्हणाला, "दोन आठवड्यांनी." एवढं ऐकून तिनं गणपतीला शब्द देऊन टाकला, की वहिनींची जखम भरेपर्यंत मी उपासाचंच खाईन, दुसरं अन्न तोंडात घालणार नाही. हिशेब दोन आठवड्यांचा होता. देवाशीही माणूस झेपेल तेवढंच बोलतो.

मला घरी आणलं ते खराडीलाच, कारण तिथे लिफ्ट आहे. मुलगा कामावर, सून कामात, म्हणून माझ्या सेवेला जाऊ तिथे राहायला आली. मला कुशीवर वळवायचं, कमरेचा पट्टा बांधायचा, बाथरूमला न्यायचं, सगळं तिनं केलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, मलाही करता आलं असतं.

पहिल्या दिवशी दुपारी ती माझं ताट घेऊन आली. भाकरी, भाजी, वरण. स्वतःच्या ताटलीत साबुदाण्याची खिचडी.

मी म्हटलं, "आज काय आहे? चतुर्थी तर झाली."

"काही नाही. तुम्ही जेवा."

"काही नाही तर खिचडी का?"

तेव्हा तिनं सांगितलं. मला राग आला, आणि रागाला जागा नव्हती. माझ्यासाठी अन्न सोडून बसलेल्या बाईसमोर मी भाकरी कशी मोडू? आमच्याकडे उपास करणाऱ्यासमोर जेवणं वाईट समजतात. तिनं माझ्यासाठी धरलेला उपास, आणि मी तिच्यासमोर कांदा-भाजी खायची, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "आण, मलाही थोडी खिचडी दे."

ती खूश झाली. "हलकीच असते पोटाला. आजारी माणसाला चांगली."

तिथून सुरू झालं. दुपारी खिचडी नाहीतर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मधल्या वेळेला उकडलेलं रताळं, संध्याकाळी राजगिऱ्याची लापशी, तीही बिनसाखरेची. जावेनं दवाखान्यातून दिलेला कागद नीट वाचून घेतला होता. त्यात साखर, गूळ, मिठाई, भात, बटाटा नको असं होतं. तिनं त्यातलं काहीही मला दिलं नाही. मुलानं एकदा विचारलं, "काकू, आईला हे चालतं ना?" तर ती म्हणाली, "बटाटा नको म्हणालेत. रताळ्याचं कुठे म्हणालेत?" आणि उपास केला की साखर उतरते, हे तर लहानपणापासून सगळेच ऐकत आलेत. मीही ऐकलं होतं. पोटात कमी गेलं की साखर कमी, इतका सरळ हिशेब होता.

दोन आठवड्यांनी टाके काढले. वरची जखम मिटली होती. खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी फट राहिली, आणि त्या फटीतून पाणी यायला लागलं.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. मला पाठीमागचं दिसत नाही, पण डॉक्टर गप्प झाले तेव्हा कळलं. मग विचारलं, "साखर किती असते?" सून रोज सकाळी आणि जेवणानंतर बोट टोचून बघायची. तिनं सांगितलं, उपाशीपोटी ठीक असते, पण जेवणानंतर दोनशेच्या वर, कधी तीनशेला जाते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर चढते थोडी. इन्शुलिन वाढवलं. दिवसाआड ड्रेसिंग.

पुढच्या आठवड्यात फट तेवढीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात किंचित मोठी.

माणूस दुखण्यानं दमत नाही, वाट बघून दमतो. मी खिडकीशी पलंगावर पडलेली असायची. समोर काचेच्या इमारती. संध्याकाळी त्यांच्यातून गळ्यात पट्टे घातलेली पोरंपोरी बाहेर पडायची आणि रस्ता भरून जायचा. त्यांच्या पाठी मी बघायची. सगळ्यांच्या वाकलेल्या. म्हटलं, यांचाही ओटा बुटकाच आहे.

जावेचा उपास चालूच. गाल बसले. सकाळी उठताना भिंत धरायला लागली. मी म्हटलं, "अगं, सोड आता. दोन आठवडे म्हणाली होतीस ना."

"दोन आठवडे नाही म्हटलं. जखम भरेपर्यंत म्हटलं."

"मग देवाला सांग, जरा लांबलंय."

"देवाशी असं बोलतात का, वहिनी?"

"तू तर गॅससाठी बोलतेस."

ती हसली नाही. तिला वाटत होतं, जखम भरत नाही म्हणजे उपासातच काही कमी पडतंय. तिनं मग संध्याकाळची लापशीही स्वतःपुरती सोडली. माझी चालू ठेवली, कारण मला ताकद हवी.

डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं. "आजी, आत स्क्रू आहेत. ही फट तिथपर्यंत पोचली आणि जंतू बसले, तर पाठ पुन्हा उघडावी लागेल. आत धुवावं लागेल, कदाचित स्क्रू काढावे लागतील. मग मणके मोकळे. पुढच्या गुरुवारी बघतो. तेव्हाही अशीच असेल तर मी थांबणार नाही."

मला पुन्हा त्या टेबलावर जायचं नव्हतं. मरणाची भीती नव्हती. पुन्हा पहिल्यापासून कुशीवर वळायला शिकायचं, पुन्हा दुसऱ्याच्या हातानं धुवून घ्यायचं, त्याची भीती होती. एकदा केलं. दुसऱ्यांदा करायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊ कसब्यातल्या घरी गेली. घर बंद होतं, देव पारोसे होते, शेजारणीचा फोन आला होता की नळ गळतोय. सकाळी गेली ती रात्रीच यायची होती. जाताना मला म्हणाली, "खिचडी करून ठेवलीय." पण ती गेल्यावर, दुपारी वाढताना सुनेच्या हातून ते भांडंच कलंडलं, खिचडी ओट्यावर सांडली. सून म्हणाली, "आई, माझी मीटिंग आहे. कालची भाकरी आणि दोडका आहे, तेच देऊ?"

"दे. दगड दिलास तरी चालेल."

जेवणानंतर दोन तासांनी तिनं बोट टोचलं. मशीनकडे बघितलं, दुसरं बोट टोचलं. मग म्हणाली, "दीडशेच्या आत आहे."

"मशीन बिघडलं असेल."

"रात्री बघू."

रात्री पुन्हा भाकरी आणि मेथी. आकडा तसाच. सून माझ्या पलंगाच्या कडेला बसली. बोलता बोलता तिनं फोनवर काहीतरी वाचलं, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळ स्टार्च आहे. पोटात गेला की त्याची साखरच होते. वरी, रताळं, राजगिऱ्याची लापशी, कमीजास्त तसंच. तुम्ही महिनाभर साखरच खाताय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. मी रोज आकडे बघत होते आणि ताट बघितलं नाही."

मला हसू येत होतं, आणि पट्ट्यामुळे हसता येत नव्हतं. जखम भरेपर्यंत उपास, आणि उपास आहे तोवर जखम भरणार नाही. अशी गाठ एखाद्या शत्रूलाही मारता आली नसती, ती माझ्या मायेच्या माणसानं मारली होती.

जाऊ आली तेव्हा सुनेनं तिला समोर बसवून सांगितलं. सांगितलं नीटच, पण ऐकणाऱ्याला ते नीट लागेना.

जाऊ म्हणाली, "म्हणजे माझ्या उपासानं यांची जखम चिघळली, असं म्हणतेस तू?"

"काकू, तसं नाही. तुमचा उपास तुमचा. आईंनी ते खायला नको."

"मी त्यांना खा म्हटलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, मलाही दे."

"हो, मीच म्हणाले," मी म्हटलं. "तुझ्यासमोर भाकरी खाववेना म्हणून."

"मग आता खाववेल?"

"आता खाववेल. पाठ पुन्हा कापून घ्यायची नाही मला."

ती उठायला लागली. मी म्हटलं, "तूही सोड. देव काही तुझी वही घेऊन बसलेला नाही."

"मी नाही सोडणार. मधेच सोडलं आणि तुम्हाला काही झालं, तर मी कुणाकडे बघू? मला एवढंच येतं, वहिनी. सुई टोचायला मला येत नाही, डॉक्टरांशी बोलायला येत नाही."



तेव्हापासून आम्ही वेगळ्या जेवायला लागलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पलंगावर, ती बाल्कनीत, दाराकडे पाठ करून. काचेतून मला तिची पाठ दिसायची. माझ्यासमोर ज्वारीची भाकरी, आणि मी ती मोडायची, चावायची, गिळायची. भूक नव्हती. औषध खातात तशी खाल्ली. एकदा सवयीनं तिनं एक वाटी खिचडी माझ्यासाठी काढली, दारापर्यंत आली, तिथेच थांबली आणि परत गेली. त्या दिवशी तिनं स्वतःही खाल्ली नाही. ती वाटी संध्याकाळपर्यंत ओट्यावर झाकून होती. सुनेनं ती कधी टाकली ते आम्ही दोघींनी विचारलं नाही.

आकडे उतरले. ड्रेसिंग करायला येणारी नर्स म्हणाली, पाणी कमी आहे. नंतर म्हणाली, कापूस कोरडा निघाला. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. जावेला सांगू नका म्हटलं, उगीच आशेला लागेल.

गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊही आली. आत माझ्यामागे उभी राहिली. डॉक्टरांनी बोटानं दाबलं, बाजूनं दाबलं, लाइट जवळ घेतला. म्हणाले, "कोरडी आहे. खालून भरून येतेय. उघडायची गरज नाही, अजून आठवडाभर बघू." आणि पुढच्या आठवड्यात म्हणाले, "भरली."

जाऊ पुढे झाली. "डॉक्टर, भरली म्हणजे पूर्ण भरली?"

"वरून पूर्ण भरली. आत हाड धरायला वेळ लागेल. साखर असली की हाडही सावकाश धरतं. वर्षसुद्धा लागेल."

तिचा चेहरा उतरला. बाहेर येऊन बाकावर बसली आणि मला म्हणाली, "वहिनी, आतली धरायची का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बाई वर्षभर साबुदाणा खायच्या तयारीत होती.

मी म्हटलं, "तू शब्द देताना काय म्हणालीस? जखम म्हणालीस ना?"

"हो."

"हाड म्हणालीस का?"

"नाही."

"मग झालं. हाड डॉक्टरांचं, जखम तुझी. तुझी भरली."

"देव म्हणेल, पळवाट काढली."

"म्हणू दे. त्याला माझ्याकडे पाठव."

तेव्हा ती हसली. खूप दिवसांनी. दात तेवढे दिसले, बाकी चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उपास सोडला. साधंच, वरण-भात, त्यावर लिंबू. सून म्हणत होती पुरणपोळी मागवू या, जाऊ म्हणाली, वहिनींना चालत नाही तर कशाला. टेबलाशी आम्ही तिघी बसणार होतो. मी वॉकर सोडून भिंतीच्या आधारानं पलंगापासून टेबलापर्यंत आले. कळ नव्हती. पाठ ताठ होती. मला वाटलं, बरं चाललंय.

जाऊ माझ्या पायांकडे बघत होती. मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसरी पलंगाजवळच राहिली होती. मला कळलंच नव्हतं. एक पाय रबरावर आणि एक थंडगार फरशीवर, आणि दोन्ही मला सारखेच. मणक्याचं होतं ते डॉक्टरांनी काढलं होतं. हे साखरेचं होतं. हे राहणार.

जावेनं जाऊन चप्पल आणली, माझ्या पायात घातली. मग तशीच खाली बसून राहिली. तिचे ओठ हलायला लागले आणि हात एकमेकांकडे गेले. तिला मी चांगली ओळखते.

मी म्हटलं, "हात जोडू नकोस."

"काही नाही, वहिनी."

"पायाचं देवाला सांगू नकोस. पायाचं मी बघते."

"तुम्ही काय बघणार? तुम्हाला कळत तर नाही."

"कळत नाही म्हणूनच बघते. रोज रात्री डोळ्यांनी बघीन. तू ऊठ. भात गार होतोय, जेव."

ती उठली. ताटाशी बसली आणि पहिला घास घेतला. मी भाकरी मोडली.